वाली नसलेल्या तक्रारी

वाघमारे मॅडम खुर्चीत बसल्या तरी खांद्यावरची पर्स काढत नसत. दिवसभर ती तशीच लटकलेली. नवीन माणसाला वाटे, बाई आत्ताच आल्यात किंवा आत्ता निघाल्यात. मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "निघायचंच आहे गं मला. कधीपासून निघायचंय."

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. ऑफिस साकीनाक्याला, एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर. एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. कंपनीचा सगळा डेटाबेस मॅडमनी तरुणपणी एकटीने उभा केला होता आणि तोच त्यांच्या गळ्यात पडला होता. त्यांनी राजीनामा दिला की साहेब म्हणायचे, "मॅडम, तुमच्याशिवाय हे कळतं कोणाला?" आणि विषय संपायचा. "कौतुक करून करून कोंडून ठेवलंय मला," मॅडम म्हणायच्या.

मग कंपनीने नवा डेटाबेस घेतला, त्या कामाला मला नेमलं. त्याच सुमारास मॅडमना नाशिकला, लेकीच्या घराजवळ नोकरी मिळाली. साहेबांनी शब्द दिला, सगळा डेटा नव्यात गेला की तुम्ही मोकळ्या. त्या आठवड्यात कांदिवलीहून येताना मॅडम रोज सगळ्यांसाठी काहीतरी खायला आणायच्या.

जुन्या डेटाबेसात इमारती एका टेबलात, लिफ्ट दुसऱ्या, तक्रारी तिसऱ्या, आणि सगळं नंबरांनी एकमेकांना बांधलेलं. नव्यात प्रत्येक लिफ्टचं सगळं एकाच नोंदीत जायचं होतं. मी भराभर नंबर जुळवत सुटले की मॅडम थांबवायच्या. "नुसते नंबर काय बघतेस? माणूस काय म्हणतोय ते वाच."

बाकी सगळं सुरळीत गेलं. काही तक्रारी मात्र अडकल्या. त्यांच्यावरचा नंबर कुठल्याच लिफ्टशी जुळेना. प्रोग्राम विचारत होता, या वगळून पुढे जाऊ का?

"वगळा ना," साहेब म्हणाले. "जुना कचरा आहे."

मीही म्हटलं, "मॅडम, हो म्हणा ना. सोमवारी नाशिकला असाल."

मॅडमनी माउसवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं. मग त्यातली एक तक्रार मोठ्याने वाचली. "दार उघडतं, पण लिफ्ट खालीच असते." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, यात कोणीतरी पाय टाकेल."

तक्रारीत फोन नंबर होता. फोन दिंडोशीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी उचलला. त्यांच्या दोन विंगच्या वेगळ्या सोसायट्या झाल्या, तेव्हा आमच्याकडे नंबर बदलताना एक विंग राहूनच गेली होती. तिथे तपासायला कोणी गेलंच नव्हतं.

आम्ही रिक्षाने तडक गेलो. चौथ्या मजल्यावर मॅडमनी मला मागे सारलं आणि दार ओढलं. ते अलगद उघडलं. आत काळोख आणि लोंबणारे दोर. शेजारच्या दारातली बाई सहज म्हणाली, "आम्ही पोरांना शिकवून ठेवलंय ना, आधी वाकून बघायचं."

मॅडमनी तिथूनच मेकॅनिकला बोलावून लिफ्ट बंद करायला लावली. सातव्या मजल्यावरचे आजोबा चिडले, "आता मी चढू कसा?"

"हळूहळू चढा, काका," मॅडम म्हणाल्या. "रागवा माझ्यावर, पण चढूनच जा."

त्यानंतर एकही तक्रार वगळायला त्या तयार होईनात. एकेकीचा माग काढत बसल्या. नाशिकच्या कंपनीचे लोक किती थांबणार? त्यांचा फोन आला तेव्हा मॅडम फक्त "हो, समजलं" म्हणाल्या. बाथरूममध्ये जाऊन आल्या, चेहरा ओला होता. येऊन पुढची तक्रार उघडली.

शेवटची तक्रारही जागेवर गेली, तेव्हा साहेब खुश होऊन म्हणाले, "आता कसली घाई, मॅडम? नवा डेटाबेसही तुमच्याइतका कोणाला कळतोय?"

मला वाटलं, झालं, पुन्हा अडकल्या. जिना उतरताना मॅडमनी माझा हात घट्ट दाबला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. साहेबांनी मला फोन करायला लावला.

"मॅडम, कधी येताय?"

"मी नाशिकला आहे गं."

"म्हणजे नोकरी मिळाली?"

"नाही. नुसतीच आलेय." पलीकडे कोणीतरी त्यांना जेवायला हाक मारत होतं. "तसंही येता येतं गं. मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं."