शिट्टी झाल्याशिवाय टँगो नाही

रेल्वे कॉलनीत राहणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. कोळशाच्या भुकटीसारखे ते आपोआप घरात येऊन बसतात, कितीही झाडा! सत्तरच्या दशकात मी सोलापुरात गुड्स ऑफिसला टायपिस्ट होते. शनिवारी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, की कॉलनीच्या हॉलमध्ये रेकॉर्ड लावायचं काम माझं. कसली रेकॉर्ड? टँगोची, जोडीनं करायच्या त्या विलायती नाचाची! हसा खुशाल. आम्हीही आधी हसलोच होतो.

शिकवायच्या रोझीआंटी, फोरमनसाहेबांच्या मिसेस. "नवरा-बायको एकमेकांकडे बघतच नाहीत, मग पाठ दुखते, डोकं दुखतं," हे त्यांचं निदान! नियम एकच, ज्यानं त्यानं आपल्याच जोडीदाराबरोबर नाचायचं. शेखभाई गार्डांच्या बेगम काही येत नसत. म्हणून शेखभाई लाकडी खुर्चीला कवेत घेऊन नाचायचे. विचारलं तर म्हणायचे, "ये झगडती नहीं ना!"

*

जाधवमामा इंजिन ड्रायव्हर, मूळचे करकंबचे. त्यांच्या गाडीवर बहुतेक वेळा शेखभाईच गार्ड; मामा पुढे इंजिनात, शेखभाई शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये. पहिल्या शनिवारी मी रेकॉर्ड लावली, सगळे निघाले, आणि मामा मामींचा हात धरून खांबासारखे उभे!

"मिस्टर जाधव, स्टार्ट!" आंटी ओरडल्या.

"कसं निगू? गार्डानं शिट्टी कुटं दिलीया?"

आम्हाला वाटलं चेष्टा. पण नाही हो, पाय खरंच उचलत नव्हते! शेवटी शेखभाईंनी खुर्ची बाजूला ठेवली, खिशातून शिट्टी काढून वाजवली, आणि मामा निघाले. तेव्हापासून शिट्टी झाल्याशिवाय आमचा टँगो सुरू झाला नाही.

*

टँगोत बाईनं मागे मागे जायचं असतं. पार्वतीमामी नऊवारीत कंबर कसून उभ्या राहिल्या आणि साफ नाही म्हणाल्या.

"देवाम्होरनं निगताना उलटं चालायचं. ह्यो कुटला देव लागून गेलाय?"

आंटींना हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. तोवर मामाच मुकाट्यानं मागे मागे चालायला लागले होते. आंटी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हेरी गुड. हेच करा." एवढं मोठं इंजिन हाकणारा माणूस घरात कोणाच्या इशाऱ्यावर चालतो, ते त्या दिवशी सगळ्या कॉलनीला कळलं.

*

एकदा मामींचा पदर मामांच्या बुटाखाली आला आणि दोघंही धाडकन आडवे! मामी जमिनीवर बसूनच इतक्या हसल्या की मला रेकॉर्ड थांबवावी लागली. त्यानंतर मामांनी नवा कायदा काढला. हात पुढे करायच्या आधी दर वेळी म्हणायचे, "पदर खोच की." मामी पदर खोचायच्या, मग शेखभाईंची शिट्टी. हा क्रम कधी चुकला नाही.

*

आमचे हेडक्लार्क कुलकर्णी. "काय हे थेर!" म्हणायचे, आणि दर शनिवारी खिडकीत हजर. पाहणी करतात म्हणे! एकदा मामींनी नाचता नाचताच हाक मारली, "आत या की भाऊजी, खिडकी झिजंल!"

पुढच्या शनिवारी कुलकर्णी स्वतःच वहिनींना घेऊन आले. इतकी वर्षं कॉलनीत राहून वहिनी कुणाच्या घरी चहाला गेल्या नव्हत्या. त्या दिवशी नाच झाल्यावर मामींच्या ओट्यावर बसून त्यांनी शेंगापोळी खाल्ली, वर आणखी एक मागून घेतली. असं काय असतं हो त्या नाचात? मला अजून नीटसं कळलेलं नाही.

*

मग मामी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. मामाही नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी दार लावून घेतलं ते घेतलंच. आम्ही आळीपाळीनं डबा पाठवायचो, तो तसाच परत यायचा. वहिनी एकदा माझ्यापाशी रडल्याच, "अहो, हे असेच जातील हो!" मलाही तीच भीती होती.

एका शनिवारी शेखभाई युनिफॉर्म घालून मामांच्या दारात गेले. "जाधव, ड्यूटी लगी है."

इतक्या वर्षांची सवय! मामांनी टोपी चढवली आणि बाहेर आले. शेखभाईंनी त्यांना सरळ हॉलमध्ये आणलं. मी रेकॉर्ड लावली. शेखभाईंनी शिट्टी दिली.

मामा हलले नाहीत.

शेखभाईंनी पुन्हा शिट्टी दिली. मामा रिकाम्या हातांकडे बघत म्हणाले, "डबं जोडल्याबिगर इंजन कुटं न्यायचं, शेख?"

माझे डोळे भरून आले.

शेखभाईंनी शिट्टी माझ्या हातात दिली. मामींच्या जागी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रेकव्हॅन तो मैं हूँ ना रे."

मामांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले,

"पदर खोच की."

शेखभाईंनी कोटाचं टोक कमरेला खोचलं. मी शिट्टी वाजवली.