मुनिरत्नाचं वकीलपत्र

जे. पी. नगरातल्या एका घरी दोन वर्षांची प्रांजली पाण्याच्या टाकीत बुडून गेली आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी घरकामाच्या मुलीला खुनाच्या आरोपाखाली पकडलं. १९९४ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. टाकी अंगणात, जमिनीखाली, वर लोखंडी झाकण. बंगळूरात प्रत्येक घराला असते तशी. मुलीचं नाव मुनिरत्ना, आनेकलच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आदल्या दिवशी दूध सांडलं म्हणून प्रांजलीच्या वडिलांनी मुनिरत्नाच्या थोबाडीत मारली होती. तो राग तिनं पोरीवर काढला, असं पोलिसांचं म्हणणं. मुनिरत्नानं चौकीत तसं कबूलही केलं होतं.

वडील अरविंद सरकारी कारखान्यात इंजिनियर, मूळचे पुण्याचे, इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस. ओळखीतलं प्रत्येक मराठी माणूस त्यांच्या दाराशी जाऊन आलं. भागीरथीबाईही गेल्या. प्रांजलीच्या आईजवळ, विद्याजवळ, बसून राहिल्या. आणि आठवडा उलटायच्या आत त्यांनी मुनिरत्नाचं वकीलपत्र घेतलं.

भागीरथीबाई चिकपेटेतल्या. घराण्याला बंगळूरात येऊन इतक्या पिढ्या झालेल्या की मूळ गाव कोणतं यावर जेवताना भांडणं होत. नवरा मुकुंदराव, पितळी भांड्यांचं दुकान. मुलं हाताशी आल्यावर, चाळिशीत, बाई संध्याकाळच्या कॉलेजात कायदा शिकल्या. सुरुवातीला भाडेकरूंचे खटले चालवले. मग एकदा दरोड्याच्या खटल्यात मोठ्या कैद्यांबरोबर दोरीनं बांधून आणलेला एक पोरगा त्यांनी पाहिला. साक्षी चालू असताना तो जिभेनं हलता दात चाचपत होता. त्या दिवसापासून बाईंनी मुलांचेच खटले घेतले. खून, दरोडा, काहीही असो. बाररूममधले वकील त्यांच्या टेबलाला ‘बालवाडी’ म्हणत. बाई म्हणत, “बालवाडीच आहे. आवाज जरा हळू करा.”

मुनिरत्नाची आई कोर्टाच्या फाटकाशी रडत उभी होती. कुणीतरी तिला या टेबलाकडे पाठवलं.

पोलिसांनी मुलीचं वय एकोणीस लिहून तिला मोठ्यांच्या तुरुंगात धाडलं होतं. बाई तिथं गेल्या. समोर आली ती मुलगी त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

“तू केलंस?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“पोलीस म्हणाले, हो म्हण, मग आईकडे सोडतो.”

“मी पोलीस नाही. काय झालं ते सांग.”

“मी मागच्या बाजूला भांडी घासत होते, अक्का. एकदम प्रांजलीच्या अम्मांची किंकाळी आली.”

“टाकीचं झाकण?”

“सकाळी पाण्याचा टँकर आला होता. तेव्हा उघडलं असेल.”

“कुणी?”

मुनिरत्नानं मान खाली घातली. “माझ्यानं ते उचलवत नाही,” एवढंच म्हणाली.

पहिलं भांडण वयाचं. त्या वेळच्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलीचा खटला बाल न्यायालयातच चालायचा, आणि तिला तुरुंगात ठेवता येत नसे. इन्स्पेक्टर म्हणाला, “गावाकडच्या पोरी लहानच दिसतात.” बाई मॅजिस्ट्रेटना म्हणाल्या, “दिसण्यावर जाऊ नका. डॉक्टरांना विचारा.” सरकारी इस्पितळात हाडांची तपासणी झाली. डॉक्टरांनी चौदा ते पंधरा सांगितलं, आणि मुनिरत्ना तुरुंगातून मुलींच्या निरीक्षणगृहात आली.

ही बातमी पसरली तसे मंडळाचे अध्यक्ष मल्हारराव दुकानात येऊन बसले.

“भागीरथक्का, आपल्या माणसाचं लेकरू गेलंय. आणि तुम्ही त्याच्याविरुद्ध उभ्या राहणार?”

“मी मुनिरत्नाच्या बाजूनं उभी आहे.”

“एकच की हो ते.”

“एक नव्हे. मला ते एक वाटायला लागेल त्या दिवशी काळा कोट खुंटीला लावीन.”

“मंडळात मग तुम्हाला कुणी बोलावणार नाही.”

“सरी, बरं,” बाई म्हणाल्या. “न बोलावता येईन.”

मुकुंदराव तराजू पुसत होते. वर न बघता म्हणाले, “भांडी न्यायलाही कुणी येऊ नका म्हणून सांगा, मल्हारराव. मला स्वल्प झोप मिळेल दुपारची.”

टँकरवाल्याला शोधत बाई के. आर. पुरमपर्यंत जाऊन आल्या. तो साक्षीला यायला तयार होईना. पोलिसांशी वैर नको म्हणाला. बाल न्यायालयात अरविंदांनी शपथेवर सांगितलं, टँकर गेल्यावर झाकण मीच लावलं होतं. चौकीतल्या कबुलीला कायद्यात किंमत नव्हती, पण अरविंदांच्या शब्दाला होती. झाकण लावलेलं होतं, तर ते कुणीतरी मुद्दाम उघडलं असणार.

मग विद्या साक्षीला आली. खोलीत मोजकीच माणसं होती. असे खटले चारचौघांत चालवत नाहीत. बाईंना रात्रभर डोळा लागला नव्हता. या आईला काही विचारूच नये असं वाटत होतं. पण कोपऱ्यातल्या बाकावर मुनिरत्ना बसली होती, आणि तिच्यासाठी विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

“विद्याताई,” त्या म्हणाल्या, “टँकर गेल्यावर झाकण लावलेलं तुम्ही पाहिलंत?”

विद्यानं अरविंदांकडे पाहिलं. सरकारी वकील उठू लागले. मॅजिस्ट्रेटनी त्यांना हातानंच बसवलं.

“नाही,” विद्या म्हणाली. “फोन वाजला म्हणून हे आत गेले. झाकण उघडंच होतं. मीही पाहिलं होतं. म्हटलं, लावतील.”

“विद्या!” अरविंद ओरडले.

“ओरडू नका. माझी पोरगी गेली. ही पण कुणाची तरी पोरगी आहे. प्रांजली हिच्याच हातून जेवायची.”

बाईंनी आणखी काही विचारलं नाही.

मुनिरत्ना सुटली. व्हरांड्यात इन्स्पेक्टर सरकारी वकिलांना म्हणत होता, “वय लहान म्हणून वाचली.”

बाई वळून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “वयामुळे ती तुरुंगाबाहेर आली. सुटली ती तिनं काही केलं नाही म्हणून. दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. आणि एकोणीस कुठून आणलंत, तेही आता सांगावं लागेल.”

मुनिरत्ना आईबरोबर आनेकलच्या बसमध्ये चढली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि बाईंना त्याचं काही वाटलं नाही. पुढं ती एका अगरबत्तीच्या कारखान्यात लागली, एवढं त्यांच्या कानावर आलं.

गणपतीत बाई ठरवल्याप्रमाणे मंडळात गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. शेजारच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. त्या पूर्ण कार्यक्रम बघून, प्रसाद घेऊनच उठल्या.

इन्स्पेक्टरविरुद्ध त्यांनी वय खोटं लिहिल्याची तक्रार दिली होती. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं त्यांना बोलावून चहा पाजला. “मुलगी सुटली ना, मॅडम? मग आता कशाला?”

“ती अडकली होती तोवर मला वेळ नव्हता,” बाई म्हणाल्या. “आता आहे.”

चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळली आणि तिचा निकाल काही लागला नाही. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही.