मृग पाहायला मृगात गेलो

काचबिंदूनं बायकोची नजर आकसत चालली आहे. गेलेली परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून माझी झोप उडाली. काय पाहायचं राहिलं, असं तिला विचारलं. म्हणाली, "जन्मभर मृगाची पेरणी केली, आभाळातला मृग काही पाह्यला नाही." लोणारच्या सरोवरावर काळोख दाट, तारे स्वच्छ दिसतात असं ऐकलं होतं, म्हणून मृग लागला त्याच दिवशी आम्ही धाडहून निघालो.

मी सातवी शिकलेला, चूकभूल सांभाळून घ्या. धाडहून बुलढाणा, तिथून चिखली-मेहकरमार्गे लोणार. एसटीत म्हाताऱ्यांना सवलत आहे, आधार कार्ड हाताशी ठेवा. मी ते वाटेत चारदा चाचपलं. मेहकरला ढग दिसले, तेव्हापासून मी खिडकीतून आभाळच पाहत बसलो. लोणारच्या लॉजमध्ये पिठलं-भाकरी मात्र झकास.

संध्याकाळी ढग पांगले. लॉजचे मालक शेख गुरुजी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, सरोवराच्या काठावर सोबत आले. विजेरी न्या, वाट खडबडीत आहे.

"मृग कुठं हाये?" मी विचारलं.

ते हसू आवरत म्हणाले, "काका, मृग लागला म्हंजे सूर्य मृगात गेला. ते तारे त्याच्यासंग उगवते, त्याच्यासंगच मावळते. आता कसे दिसतीन?"

माझे कान तापले. जन्मभर नक्षत्रांवर शेती केली, पण नक्षत्र म्हणजे सूर्याचा मुक्काम, हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

"मंग कवा?"

"मार्गशीर्षात. दिवेलागणीनंतर, पूर्वेले."

सहा महिने! तोवर तिची नजर टिकेल का?

"आता आलोच तं जे हाये ते दाखवा, गुरुजी," बायको म्हणाली.

त्यांनी डोक्यावरची स्वाती दाखवली. बायको मान हलवत शोधत राहिली.

"सापडली. निखाऱ्यावानी हाये."

"बरोबर! म्हातारा तारा हाये, फुगलेला, वरून थंडावलेला. म्हणून तांबूस."

"तिथं वस्ती असन काय?" तिनं विचारलं.

"चुलीच्या लय जवळ बसलं तं भाजते, दूर बसलं तं कुडकुडते. आपली धरती बेतानं बसली, म्हणून पाणी पाणीच राह्यलं. तिथं जवळ कोणी असन, तं कधीच भाजलं असन."

"आपला सूर्यबी असाच फुगन?" मी घाबरून विचारलं.

"फुगन, पण अब्जावधी वर्षांनी. घोर घेऊ नका."

"हे घेतीन," बायको म्हणाली. "यायले तेवढाच धंदा हाये."

घरी येऊन आठ दिवस झाले. मार्गशीर्ष माझ्यासाठी लवकर येणार नाही. गुरुजींनी मृगाचा आकार कागदावर काढून दिला होता. काल तो ज्वारीच्या दाण्यांनी ताटात मांडला: चार पाय, पोटात तीन दाण्यांचा बाण. दिसला नाही तर निदान ठाऊक तरी असावा. तिनं डोळे मिटून बोट फिरवलं.

"मधला दाणा सरकला तुमचा," ती म्हणाली.

मी तो नीट केला आणि तिचं बोट पुन्हा पहिल्या पायावर ठेवलं.