हद्दपार गायकाला पाच प्रश्न

आखातातल्या सीबच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत चार शर्ट होते आणि अठ्ठावीस पुस्तिका. शर्टांना कोणी हात लावला नाही. पुस्तिकेवरचं कवटी-लिंबाचं चित्र मात्र कस्टमच्या अधिकाऱ्याने बराच वेळ निरखलं आणि नम्रपणे पावती लिहून दिली. तपासून झाल्यावर परत मिळतील म्हणाला.

"अहो, ह्या भुताखेतांच्या विरोधातल्या आहेत!" मी इंग्रजीतून आवाज चढवला. काचेपलीकडे माझे दाजी दोन्ही हात खाली दाबत 'हळू, हळू' अशी खूण करत होते.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "हे बघ, तुझ्या व्हिसावर माझी सही आहे. तू इथे काय केलंस याचा जाब मला विचारतील, माझ्या अर्बाबला (मालकाला) विचारतील. चौदा वर्षं नोकरी झाली, दोन पोरी इथल्या शाळेत आहेत. कळलं?"

"मी काय चोरी करायला आलोय?"

"चोर परवडला. त्याला गप्प बसणं जमतं."

डावीकडे अधूनमधून समुद्र दिसत होता, उजवीकडे गवताची काडी नसलेले तपकिरी डोंगर. रस्ता इतका स्वच्छ की मला उगाच धडधडू लागलं. जिथे भिंतीवर एकही पोस्टर नाही अशा गावात मी पहिल्यांदाच आलो होतो.

आलो होतो ताईच्या पत्रामुळे. तिने लिहिलं होतं, 'तुझे दाजी एका गोऱ्याच्या नादी लागलेत. तो स्वतःला हजार वर्षांपूर्वीचा योद्धा म्हणवतो, देशातून हाकललेला आत्मा. लोखंड फाडल्यासारखं गातो आणि हे मागे ड्रम बडवतात. परवानगीबिरवानगी काही नाही. मला झोप लागत नाही.' वाचून माझं डोकं सणकलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आमचं. आत्मा नाही, हे आमच्या पोरांना पाळण्यात शिकवतात. आणि दाजी, जे तरुणपणी कल्याणच्या वस्तीत जयंतीच्या जलशाला ढोलकी वाजवायचे, ते सिव्हिल इंजिनिअर होऊन एका भुताच्या मागे बसलेत!

दार्सैतच्या घरी ताईने कनद (आपली सुरमई) तळली होती आणि कोपऱ्यावरून खुबूस (भट्टीतली पातळ रोटी) आणली होती. वाढताना ती एवढंच म्हणाली, "तू बोल त्यांच्याशी. पण वरच्या पट्टीत नको."

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दाजी मला कुरुमला एका बंगल्यात घेऊन गेले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना आतून गाद्या उभ्या केलेल्या. गाद्यांमागे दडून करायचं गाणं कसलं, असं मनात आलं.

मग ऐनार आला. मूळचा नॉर्वेचा, बंदरात जहाजांच्या तळाखाली उतरून गंज तपासणारा पाणबुड्या. दारातून वाकून शिरावं लागेल एवढा उंच, दाढीच्या दोन वेण्या. त्याने माइक धरला आणि पोटातून जी आरोळी काढली तिने माझ्या छातीचा पिंजरा हलला. शब्द एक कळला नाही. पण त्या गोंगाटाखाली काहीतरी ओळखीचं चालू होतं. कान दिला, तर तो आमच्या जलशाचाच ठेका, फक्त दसपट जड. दाजींचे डोळे मिटलेले होते. गाणं थांबलं की मात्र ते उघडून आधी फाटकाकडे बघायचे.

मी सरळ विचारलं, "तुम्ही मेलात कधी?"

ऐनार भारतीय वेल्डरांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "मेलो नाही. हाकलला गेलो. आमच्यात अशी शिक्षा होती, याला कोणी विस्तव देऊ नये, भाकरी देऊ नये. जो देईल तोही हद्दपार."

"एवढं काय केलं होतंत?"

"ज्याच्याशी शपथ घेतली होती त्याला लढाईत एकटं सोडलं. तोंड उघडायची वेळ होती, मी गप्प राहिलो."

पत्ता सांगावा तसं त्याने सांगितलं. मी म्हणालो, "पुरावा?" तो हसला आणि दाजींकडे बोट दाखवून म्हणाला, "याच ठेक्यावर आम्ही वल्ही मारायचो."

परतताना मी दाजींना धारेवर धरलं. ते शांतपणे म्हणाले, "तो कोण आहे ते मी विचारत नाही. आठवड्यातले दोन तास मला कोणी 'सर' म्हणत नाही आणि मी कोणाला 'सर' म्हणत नाही. तेवढं पुरे."

मला पुरे नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाजी ऑफिसला गेल्यावर मी पत्रक लिहिलं. आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेत आम्हाला घोटून शिकवलं होतं, प्रश्न पाचच, भाषा सरळ, आणि खाली नाव-पत्ता हवाच. बिननावाचं पत्रक भेकडाचं. मी मथळा दिला, 'हद्दपार आत्म्याला पाच प्रश्न'. चौथा प्रश्न मला फार आवडला होता, 'तुम्हाला हद्दपार केलं कोणी? नाव आणि पत्ता द्यावा.' इथे माझा पत्ता नव्हता. म्हणून गावोगावी स्थानिक माणसाचा संपर्क देतो त्या सवयीने खाली मी दाजींचं नाव आणि पोस्ट बॉक्स टाकला. रुवीच्या बाजारात वीस झेरॉक्स प्रती काढल्या आणि न्हावी, शिंपी, चहावाले, जिथे बाकडं दिसेल तिथे ठेवत सुटलो. वर्षभरात एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

शेवटची प्रत हसनचाचांच्या गल्ल्यावर ठेवली. हे रत्नागिरीकडचे, दार्सैतला त्यांचं किराणा दुकान. त्यांनी चष्मा चढवून वाचलं, खालचं नाव वाचलं आणि कागद पटकन पोत्याखाली सरकवला.

"बाला, हे तू वाटलंस? हितं परवानगीबिगर कागद वाटीत नाय. आनी नाव कुनाचं घातलंस तर ज्यानं तुला बोलावलं त्याचं? खलास केलंस की रे त्याला."

चाचांनी दाजींना ऑफिसात फोन करून बोलावलं. दाजी आले, वाचलं आणि कांद्याच्या पोत्यावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुकानातून फोन लावला, तोही ऐनारला. "पत्रक त्याच्यावर आहे," एवढंच मला म्हणाले.

ऐनारच्या पिकअपमधून आम्ही तिघे निघालो. न्हाव्याने एका प्रतीत केस गुंडाळले होते. "तुमच्या भुताचं डोकं साफ केलं बघा," तो म्हणाला. हसायला कोणालाच जमलं नाही. शिंप्याने तीन परत दिल्या. प्रत्येक दुकानाबाहेर दाजी पुटपुटत मोजत. सोळा. अठरा. एकोणीस.

विसावी प्रत एका चहावाल्याकडे होती. तिथे एक पोलीस बसला होता आणि कागद त्याच्या हातात होता.

"हे नाव कोणाचं?" त्याने सावकाश विचारलं.

दाजी पुढे सरकले. ऐनारने त्यांच्या खांद्यावर तो अजस्र हात ठेवला. "नाव याचं. मी न विचारता वापरलं. कागद माझ्या गाण्याचा आहे. गाणारा मी."

पोलिसाने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. माझ्याकडेही. चाळीस गावांत बुवा-बाबांना भर चौकात गप्प केलेलं माझं तोंड त्या वेळी उघडलं नाही. हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितोय. पोलिसाने कागदाची घडी करून खिशात घातली आणि ऐनारला सकाळी पासपोर्ट घेऊन यायला सांगितलं. अगदी सभ्यपणे.

दाजींना कोणी बोलावलं नाही. ऐनारने परवानगीशिवाय गातो, हे कबूल केलं आणि त्याच्या कंपनीने करार संपवून आठ दिवसांत देश सोडायला सांगितलं. ते आठही दिवस दाराची बेल वाजली की ताई आणि मी एकमेकांकडे बघायचो.

निरोप द्यायला आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. मी विचारलं, "आता नॉर्वेला?"

"तिथे मला विस्तव कोण देणार? दुसरं कुठलं तरी बंदर."

त्याच्या शिक्षेचं ताईला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पिशवीतून डबा काढला. त्यात तांदळाच्या भाकरी होत्या. "प्रवासात खा म्हणावं," ती मला म्हणाली. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला, आणि कितीतरी वेळ तो तसाच धरून उभा होता.

सीबला परतीच्या वेळी पावती दाखवली, तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पुस्तिका नीट बांधून परत मिळाल्या. दाजींनी हात हातात घेतला, पण माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. ड्रम त्यांनी विकायला काढले आहेत, असं ताई नंतर फोनवर म्हणाली.

आत्मा नसतो. उद्याच्या सभेतही मी हेच सांगणार आहे, त्यात बदल नाही. पण माझ्या पत्रकातला चौथा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. ऐनारला हद्दपार केलं कोणी? त्याने उत्तर दिलं नाही. ते मी देतो. म्हणून या लेखाखाली या वेळी माझंच नाव आणि माझाच पत्ता छापायला सांगितलं आहे.