नानांची गुंडीकोबी

नाना गेल्याचा निरोप ऑफिसात आला. साताऱ्याहून, त्यांच्या शेजारच्या शिंदेवहिनींच्या मुलानं ट्रंककॉल लावला होता. "सकाळी परसात पाणी घालता घालता खाली बसले, ते बसलेच," तो म्हणाला. मग विचारलं, "तुमी कवापर्यंत पोचाल?" सांगलीहून एसटीनं साताऱ्याला जायला अर्धा दिवसही लागत नाही. तरी त्या साध्या प्रश्नाला उत्तर देताना मी अडखळलो, कारण तो रस्ता मी कित्येक वर्षांत धरलाच नव्हता.

नाना माझे धाकटे चुलते. पलटणीत हवालदार होते. त्यांच्या नोकरीची बहुतेक सगळी वर्षं काकूंनी गावी, सासूसासऱ्यांपाशी काढली. निलगिरीत क्वार्टर मिळालं तेव्हा एकच हिवाळा त्या दोघांनी मिळून संसार केला. तिथल्या मेसच्या बागेत ब्रसेल्स स्प्राउट नावाची कोबी लावत. माळी पसाभर आणून द्यायचा आणि काकू ती मोहरी-हिंगाच्या फोडणीवर, ओलं खोबरं घालून करायच्या. पेन्शनीवर आल्यावर नानांनी साताऱ्यात, गोडोलीत छोटं घर बांधलं, आणि वर्षाच्या आतच काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्या हिवाळ्यात नानांनी पलटणीतल्या एका जुन्या दोस्ताकडून त्या कोबीचं बी मागवलं आणि परसात वाफे धरले. ते तिला गुंडीकोबी म्हणत. नाव योग्यच होतं. आपल्या कोबीसारखा ती एक गड्डा धरत नाही. कमरेएवढा दांडा वाढतो आणि प्रत्येक पानाच्या बगलेत बोराएवढी, लिंबाएवढी गुंडी धरते, सदऱ्याला लावल्यासारखी ओळीनं. गणपतीच्या आसपास रोपं वाफ्यात लावायची, बुडाची माती टाचेनं घट्ट दाबायची, मावा पडला तर राख उधळायची, आणि थंडीची वाट बघायची. थंडी कमी पडली तर गुंडी आवळत नाही, पानं सुटून उकलते.

वडिलांना घेऊन मी एकदा, पौषात, साताऱ्याला गेलो होतो. आमचं गाव कृष्णाकाठचं, तंबाखूचं. तंबाखूला बगलेत फुटवा आला की तो खुडायचा, नाहीतर पानाचा जोर जातो, हे आमच्याकडे चालायला शिकलेल्या पोरालाही ठाऊक असतं. वडील पहाटे उठले, परसात गेले आणि भावाच्या कोबीचे सगळे फुटवे खुडून, त्यांचा नीट ढीग घालून, हात धुऊन बसले. नाना चहा घेऊन बाहेर आले.

"काय रं, फौजेत जाऊन शेती इसरलास व्हय?" वडील म्हणाले. "ह्ये एवढं फुटवं ठेवलंस, मग गड्डा कवा धरायचा?"

"समदं काढलं, दादा?"

"एक बी ठेवला न्हाई."

नानांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत... ते हसत होते. "आवं, त्ये फुटवं न्हवं. तीच कोबी हाय."

"ही?" वडिलांनी वाटाण्याएवढी एक गुंडी चिमटीत धरली. "ही माणसानं खायाची का कोंबडीनं?"

"आता तुमीच खायाची."

त्या दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात मांडी घालून बसलो. नानांनी काकूंच्या पद्धतीनं भाजी केली होती. वडील पुन्हा पुन्हा ताट पुढं करत होते. "वाढ. माजी चूक हाय, मीच निस्तरतो." नानांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. निघताना ते एसटीच्या खिडकीशी उभे राहून मला म्हणाले, "पुढल्या साली गुंड्या धरल्या की कळवतो. पोरांस्नी घेऊन ये."

पुढच्या वर्षी वडील गेले. नानांची भेट मग लग्नाकार्यात, गावच्या जत्रेत व्हायची. मी दर वेळी विचारायचो, "काय नाना, धरल्या का गुंड्या?" ते म्हणायचे, "न्हाई रं. औंदा थंडीच न्हाई. उकलल्या समद्या." हे ऐकून मला बरं वाटायचं. ते आज लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं हे खरं. ऑफिस होतं, मुलांच्या परीक्षा होत्या, आणि त्या रिकाम्या घरात नानांसमोर दिवसभर काय बोलत बसायचं ही धास्तीही होती. त्यांनी कळवलं नाही म्हणून जाणं झालं नाही, असं मी बायकोला सांगायचो. चुलत्याच्या घरी जायला आमच्यात कुणी कधी बोलावण्याची वाट बघत नाही. मी मात्र बघत राहिलो.

शेवटचे भेटले ते गेल्या दिवाळीनंतर. मिरजेला डोळे दाखवायला आले होते, रात्री सांगलीत, विश्रामबागेत आमच्याकडे राहिले. सकाळी बशीत चहा ओतताना म्हणाले, "थंडीत एकदा या की समदी." मी बुटाची नाडी बांधत होतो. सवयीनं म्हणालो, "धरल्या तर कळवा, येतोच." त्यांनी बशीवर फुंकर घातली. "व्हय, कळवीन," म्हणाले. मला उशीर होत होता. त्यांना स्टँडवर सोडायलाही मी गेलो नाही, रिक्षा बघून दिली.

दिवसकार्य उरकलं. त्यानंतर काही आठवड्यांनी घर आवरायला मी एकटाच साताऱ्याला गेलो. परसात कोबीचे दांडे उभे होते, मधल्या काळात शिंदेवहिनी पाणी घालत होत्या. दांडे खालून अर्ध्यापर्यंत उघडे होते. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, "या साली खाली धरल्याच नाहीत वाटतं."

"धरल्या न्हाईत?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आवं, दरसाल धरत्यात. खालच्या आदी तयार हुत्यात, त्या आमीच खाल्ल्या. नाना आळीत घरोघरी द्यायचे."

"दर वर्षी?"

"व्हय की. पर वरच्यास्नी हात लावू द्यायचे न्हाईत. सांगलीची येत्याल म्हनायचे."

"मग त्या वरच्यांचं काय व्हायचं?"

"काय हुनार? ऊन तापलं की उकलायच्या. मग आमच्या म्हशीला घालायचे."

कप घेऊन त्या गेल्या. माझ्या विचारण्यात काय होतं, ते नानांनी पहिल्याच वर्षी ओळखलं असणार. मला न येण्याचं कारण हवं होतं. ते त्यांनी दर वर्षी माझ्या हातात ठेवलं... आणि परसात माझा वाटा राखत राहिले.

वरच्या गुंड्यांची पानं सुटू लागली होती, पण सगळ्या उकलल्या नव्हत्या. मी त्या एकेक करून खुडल्या. स्टोव्हला पंप मारला. डब्यात मोहरी सापडली, हिंग सापडला, खोबरं नव्हतं. भाजी थोडी कडवट झाली. सांगलीची जी माणसं यायची होती, त्यांतला एक जण स्वयंपाकघराच्या फरशीवर ताट घेऊन बसला, आणि समोर वाढायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच वाढून घेत, सगळी संपेपर्यंत जेवत राहिला.