टाकीतलं तेल

धरणाच्या पाण्यावर इंजिनाची नाव आली आणि आमच्या घरातली सगळी भांडी पेट्रोलच्या वासानं बाटली. भोरजवळ भाटघरच्या पाण्याकाठी आमची वस्ती. बंगल्यावरच्या साहेबाची ती नाव आमचे हे चालवायचे. साहेब अधूनमधून गळ टाकायला यायचा, बाकीचे दिवस यांची इंजिनाची सेवा चाले. एवढे लाड माझे झाले असते तर मी तक्रारीला जागाच ठेवली नसती.

त्या इंजिनाला तेल वेगळं देता येत नसे, ते पेट्रोलमध्येच कालवावं लागे. कमी पडलं तर इंजिन आतून तापून जागीच आवळून बंद पडायचं. जास्त झालं तर नुसता धूर, आणि प्लग काळा होऊन ठिणगीच पडायची नाही. हे वाटीनं मोजून तेल घालायचे आणि रंग एकसारखा होईपर्यंत डबा हलवत बसायचे. मी आमटीत मीठ अंदाजानं टाकते म्हणून मला हसायचे.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी ती अडली आणि सुईणीनं हात टेकले. भोरच्या दवाखान्यात गाडीवाटेनं वळसा घालून न्यायचं तर दिवस मोडला असता, पाण्यावरून जवळ. साहेबाला विचारायला साहेब होता कुठं? यांनी घाईघाईनं पेट्रोल कालवून टाकीत ओतलं, बहिणीला घोंगडीत उचलून आणलं, सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि नाव निघाली.

मी काठावर उभी होते. पहिल्यापासूनच धूर फार होता. मधोमध गेल्यावर इंजिनाला ठसका लागला आणि ते थांबलं. यांनी प्लग काढून धोतराला पुसला, दोरी ओढली; चार हात पुढं जाऊन ते पुन्हा थांबलं. मग ते वल्ह्यांवर बसले. पलीकडे लागेपर्यंत नणंद गेली होती, पोटातल्या जिवासकट.

"घाईत म्या तेल दोनदा घातलं," हे त्या दिवशी म्हणाले आणि पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिले. मी दिव्यात तेल घालायला लागले की उठून बाहेर जायचे. लढाई लागली, पेट्रोल मिळेना, साहेबानं इंजिन काढून नेलं. तरी भर दुपारी, वारा पडलेला असताना, यांचा घास हातात राहायचा. "ऐकलंस?" म्हणायचे. "काही नाही, जेवा गुमान," मी खेकसायची. खोटं बोलत होते मी. मलाही ऐकू यायचं. ती धडधड, तो ठसका, आणि मग पाण्यावर काहीच नाही. त्या काहीच नसण्याची मला आवाजापेक्षा जास्त भीती वाटायची.

सासूबाई शेवटच्या दुखण्यात होत्या. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, हे पायाशी बसले होते. त्या आपल्याच तंद्रीत बोलू लागल्या.

"पोरीसाठी म्या मारुतीला तेल बोलले हुते. धरन भरलं, गाव वर आलं, पर आपला मारुती पान्याखाली ऱ्हायला. खडकात कोरलेला, त्यो कुठं हालतोय? काठावरनं तेल सोडलं तर निस्तं वर तरंगतं, त्याला मिळत न्हाई. इंजन तर त्याच्या डोक्यावरनंच जायाचं. म्हनलं, त्येच पोचवील. तू पोरीला उचलाया घरात गेलास, तवा तांब्यातलं समदं तेल टाकीत वतलं. नवसाचं सांगू न्हाई, म्हनून गप ऱ्हायले."

मी वाटी खाली ठेवली. माझ्या अंगाची नुसती आग झाली. त्या तेलानं तुमची लेक गेली, आणि तुमचा लेक इतकी वर्षं स्वतःला खातोय, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी यांच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

सासूबाईंनी चाचपडत लेकाचा हात धरला.

"का रं, पोचलं असंल का त्याला?"

यांनी दुसऱ्या हातानं त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"पोचलं, आये," मग ते म्हणाले. "म्हनून तर नाव तितकी तरी गेली."