न फोडलेलं पाकीट

रविवारी एका हॉलमध्ये क्रिकेटच्या कार्डांचं प्रदर्शन बघायला गेले. आमच्या लहानपणी ही कार्डं बबलगमच्या पाकिटात निघायची. मागे छापलेल्या धावांवरून आम्ही ती एकमेकांकडून जिंकायचो, हरायचो आणि चिकट हातांनी पार मऊ करून टाकायचो.

इथे एकही पोर नव्हतं. होते ते सगळे पोट सुटलेले, पांढरे हातमोजे घातलेले बाप्ये. एका टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर तसलंच एक जुनं, न फोडलेलं पाकीट ठेवलं होतं. आतला बबलगम सडून कागदावर तपकिरी डाग उमटला होता. किंमत मी दोनदा विचारून घेतली.

"आत कोणाचं कार्ड आहे?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक! फोडलं की भाव गेला, ताई," विकणारा हसला. "गेल्या वर्षी निम्म्यात मिळत होतं."

ज्याला आतल्या खेळाडूचं तोंडसुद्धा बघायचं नाही, तो कसला शौकीन? मढी जपतात मेले!

तेवढ्यात एक मुंगी मखमलीवरून त्या डागाकडे निघाली. आत काहीतरी गोड आहे, हे त्या अख्ख्या हॉलमध्ये तिला एकटीलाच कळलं होतं. विकणाऱ्याने हातमोज्यातल्या अंगठ्याने तिला चिरडलं आणि पाकीट पुन्हा सरळ करून ठेवलं.